अमावस्येला विहीर मोजणारा वैजा

बातमी आली तेव्हा मी बसवकल्याणच्या अलीकडे एका ऊसवाल्याशी बोअरच्या फुटामागच्या भावावरून भांडत होतो. मशीन चालू असलं की फोन ऐकू येत नाही, म्हणून तो मी वरच्या खिशात थरथरता ठेवतो. तीनदा थरथरला. तिन्ही वेळा मी तिकडं पाहिलं नाही, कारण समोरचा माणूस भावाच्या अगदी जवळ आला होता आणि अशा वेळी नजर हलली की गिऱ्हाईक निसटतं. चौथ्यांदा फोन काढला तर आमच्या गावात चहाचं हॉटेल चालवणारे रसूलभाई. म्हणाले, "हणमंता, आपले वैजनाथ सर गेले रे... शाळेतून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी यायच्या आत गेले." मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्या माणसाला म्हणालो, तुझ्याच भावानं घे. तीस वर्षांच्या धंद्यात हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मशीनवरची पोरं माझ्याकडं बघायला लागली.

बालपणापासूनच्या मित्राची बातमी मला हॉटेलवाल्याकडून कळावी लागली, कारण वैजाचा नंबर मी जवळजवळ दोन वर्षं फोनमध्ये बंद करून टाकला होता. ते का केलं, आणि त्यात चूक कुणाची होती, हे सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलोय. एरवी लिहिणं हे त्याचं काम. मी बोअर पाडणारा माणूस.

आमचं गाव लोहारा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघं विशीत होतो. ज्या जमिनीवर जन्मलो तिनंच दगा दिल्यावर माणसं दोन तऱ्हेनं वागली. काही जण जमिनीला घाबरून वर्षानुवर्षं पत्र्याखाली झोपले. आम्ही दोघं मात्र तिच्या आत काय आहे याच्या मागं लागलो, प्रत्येक जण आपापल्या परीनं. नव्या वसाहतींसाठी बोअर पाडायला तमिळनाडूच्या गाड्या आल्या होत्या, त्यांतल्या एका गाडीवर मी रॉड उचलायला लागलो. भाषा कळत नव्हती, हात कळत होते. वैजा बी.एस्सी. पुरी करून आला आणि तालुक्याच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला. पुढं मी स्वतःची गाडी घेतली, मग ती विकून मोठी घेतली. तो आहे तिथंच मास्तर राहिला. मी त्याला चिडवायचो, "वैजा, तू अजून त्याच वर्गात हायस, मी किती वर्ग पुढं गेलो बघ." तो म्हणायचा, "तू पुढं न्हाय गेलास, खाली गेलास. सहाशे फूट."

तमिळ फोरमननं मला एक गोष्ट शिकवली होती. प्रत्येक रॉड खाली गेला की भोकातून उडणारी भुकटी चिमटीत धरायची आणि वहीत लिहायचं. किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर काळा पाषाण, कुठं लाल गेरू, कुठं मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे छिद्रांचा ठिसूळ खडक, पाणी धरणारा. पाणी लागलं तर कुठं, नाही लागलं तर कुठपर्यंत कोरडं. असल्या सव्वीस वह्या माझ्याकडं जमल्या होत्या. त्या मी लोखंडी पेटीत ठेवायचो आणि कुणाला दाखवायचो नाही. दुसरा मशीनवाला पाणी शोधायला नारळ हातावर धरून रानात फिरायचा तेव्हा मी आदल्या संध्याकाळी शेजारच्या रानाची वही वाचून आलेलो असायचो. लोक म्हणायचे हणमंताच्या हाताला पाणी लागतं. मी लोकांना तसंच म्हणू द्यायचो.

वैजाचं वेड वेगळं. आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत. बैलांना सुट्टी, रानात माणूस नाही. वैजानं त्या रिकाम्या दिवसाचा उपयोग शोधून काढला. शिवारातल्या नऊ विहिरींच्या मालकांना त्यानं गळ घातली की अमावस्येला मी येऊन जाईपर्यंत मोटर लावायची नाही, म्हणजे विहिरीतलं पाणी त्याच्या खऱ्या पातळीला निवांत बसलेलं असेल. मग सकाळी तो निघायचा. हातात लोखंडी टेप, खिशात शाळेतला खडू. टेपचं टोक खडूनं पांढरं करायचं, विहिरीत सोडायचं, जिथपर्यंत खडू ओला झाला तिथं पाणी. आकडा मोठ्यानं बोलायचा आणि जो कुणी शेजारी असेल त्याला तो परत बोलायला लावायचा, मालक असो की वाटसरू. मग टेप आपल्या शर्टाच्या डाव्या बाहीला पुसून गुंडाळायची. त्याच्या सगळ्या शर्टांची डावी बाही पांढुरकी असायची आणि सुलोचना वहिनी त्यावरून त्याला बोलायच्या. अशी बारा वर्षं. त्याला यासाठी ना कुणी सांगितलं होतं, ना कुणी काही देत होतं. मला तर हे रिकामपणाचं लक्षण वाटायचं.

मग तो हैदराबादला शिक्षकांच्या एका शिबिराला गेला आणि तिथून आला तो चमकत्या डोळ्यांनीच. माझ्या गाड्या गावाबाहेर उभ्या होत्या, पुढं रिगची, मागं कॉम्प्रेसरची. तिथंच वंगणाच्या डब्यावर बसून त्यानं मला सांगितलं की आता पृथ्वीवरचं पाणी आभाळातून तोलतात. मी हसलो. तो म्हणाला, "हसू नको. तुझ्या ह्या दोन गाड्याच वर फिरतात असं समज." दोन उपग्रह, एकाच वाटेवर, एकामागं एक, मधे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. खाली जिथं वजन जास्त तिथं ओढ जास्त. पुढचा उपग्रह त्या जागेजवळ येताना पुढं खेचला जातो, मधलं अंतर वाढतं, मग मागचाही खेचला जातो आणि अंतर पुन्हा कमी होतं. जसं नळदुर्गच्या हायवेला उताराला लागलं की माझी पुढची गाडी पळते, आणि मागची उताराला लागली की तिला गाठते. "तुझ्या डोळ्यावर पट्टी बांधली," तो म्हणाला, "आणि दोन गाड्यांतलं अंतर तेवढं तुला सांगत गेलं, तरी तू सांगशील ना उतार कुठं हाय?" सांगीन, मी म्हणालो. "तसंच. फक्त हे अंतर केसाच्या जाडीपेक्षा बारीक मोजतात. दर महिन्याला. मागल्या महिन्यापेक्षा ओढ कमी झाली, तर खालचं ओझं उतरलं. डोंगर काय महिन्यात हलत न्हाय. हलतं ते पाणी."

माझ्या गाड्या आभाळात फिरवल्या म्हणून मला तेव्हा लई बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. मी दोन-तीन ठिकाणी ती गोष्ट माझीच म्हणून सांगितलीही.

चांगला पाऊस झाल्याच्या पुढच्या वर्षी वैजानं शाळेच्या संगणकावरून काढलेला एक नकाशा मला दाखवला. देशाचा नकाशा, त्यावर रंगांचे चौकोनी ठिपके. लाल म्हणजे नेहमीपेक्षा वजन कमी, निळं म्हणजे जास्त. आमच्या बाजूला निळं होतं. मी तो नकाशा मागून घेतला. त्यानं आनंदानं दिला, त्याला वाटलं मित्राला विज्ञानाची गोडी लागली. आठ दिवसांत माझा फ्लेक्स लोहाऱ्याच्या स्टँडजवळ लागला. वर तो नकाशा, आमच्या गावाभोवती लाल वर्तुळ, खाली माझा फोटो, आणि ओळ: आता उपग्रहानं दाखवलं, तुमच्या रानात पाणी आहे. असली अक्कल आमच्याच धंद्यातल्या माणसाला सुचावी. फोन थांबेनात. त्या उन्हाळ्यात मी गावात आणि आजूबाजूला एकामागं एक बोअर पाडले. आणि घाईत मी माझ्याच वह्या उघडल्या नाहीत. आभाळातून दिसतंय म्हटल्यावर वही कशाला बघायची? आमच्या एकट्या गावात पाच पाडले, त्यांतले चार कोरडे गेले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा बसली आणि लोकांनी कोरड्या बोअरचा विषय काढला. कुणी म्हणालं हणमंतानं फसवलं. मी उत्तर द्यायच्या तयारीत होतो, फसवल्याच्या आरोपाला माझ्याकडं नेहमी उत्तर असतं. तेवढ्यात वैजा उठला. म्हणाला, "त्या नकाशातला एक ठिपका आपल्या अख्ख्या जिल्ह्यापेक्षा मोठा हाय. त्यावरून एका रानातलं पाणी सांगणं म्हंजे विमानातून बघून कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सांगणं. आणि तो सगळं एकदम तोलतो. धरणातलं, ओल्या मातीतलं, खालचं. त्यातलं आपलं किती, हे विहिरीत टेप सोडूनच कळतं. हणमंतानं फसवलं असं मी म्हणत न्हाय. त्याला ते समजलं न्हाय, एवढंच."

लोक हसले. मी उठून निघून आलो.

फसवलं म्हणाला असता तर चाललं असतं. फसवणाऱ्याला निदान डोकं असतं. पण समजलं नाही... सातवी नापास माणसाला, भर गावात, त्याच्याच मित्रानं, तेही मास्तरनं, हे म्हणावं? घरी येऊन सांगता आलं नसतं का? फ्लेक्स मी त्याच दिवशी उतरवला आणि त्याच दिवशी त्याचा नंबर बंद केला. तो दोनदा घरी आला, मी दोन्ही वेळा आतून घरी नाही म्हणून सांगायला लावलं. माझा राग गावाला माहीत आहे. पुढं माझ्यासमोर वैजाचं नाव काढायचं लोकांनी बंद केलं, आणि ही गोष्ट मला पुढं फार महागात पडली.

आमची शेवटची भेट यंदा महाशिवरात्रीच्या पाठोपाठच्या अमावस्येची. माझ्या दोन्ही गाड्या कर्नाटकात निघाल्या होत्या आणि रस्त्याला लागून असलेल्या विहिरीवर तो टेप घेऊन उभा. त्यानं सरळ रस्त्यात येऊन हात केला, थांबावंच लागलं. म्हणाला, वह्या दे. त्याला ठाऊक होतं माझ्याकडं काय आहे. त्याचं म्हणणं असं होतं की मी पाडलेली कोरडी भोकं वाया गेलेली नाहीत. ज्या भोकाला वाटेत मांजऱ्या लागला असेल, त्यातून ओढ्याचं पाणी गाळून खाली सोडता येईल, खडक ते धरून ठेवील. पण कुठल्या भोकाला मांजऱ्या लागला ते फक्त माझ्या वह्यांत. वर उपग्रह आहे, खाली टेप आहे, मधलं तुझ्या पेटीत आहे, असं तो म्हणाला.

मी म्हणालो, देतो. पण त्याच ग्रामसभेत उभा राहून शब्द मागं घे.

"भर सभेत बोललो ते चुकलं, एवढं म्हणतो."

"दोन्ही. सभेत बोललास तेही, आणि मला समजलं नाही म्हणालास तेही."

"एक घे की हणमंता."

"दोन."

"दुसरं खरं हाय, ते कसं मागं घेऊ?"

मी गाडीची काच वर केली. माझ्या धंद्यात समोरचा एक पायरी खाली उतरला की आपण गप्प बसायचं, तो दुसरी उतरतोच. काच वर जाता जाता तो मागच्या गाडीकडं बघून एवढंच म्हणाला, "अंतर ठेवून चालवा." ... मला तो टोमणा वाटला. आता वाटतं, रस्त्यावर ट्रकांची गर्दी होती, म्हणून म्हणाला असेल.

त्यानंतर मी चार महिने कर्नाटकात होतो. उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. परत आलो ते त्याला खांदा द्यायला.

दहाव्याचा विधी उरकल्यावर रसूलभाईंच्या हॉटेलात बसलो. तोंडातून निघून गेलं, "माणूस गेला, पण शब्द मागं घेतला न्हाय त्यानं." रसूलभाईंनी गाळणी खाली ठेवली. "ये क्या बोलतो हणमंता? एक मेच्या ग्रामसभेत घेतला की. अख्खं गाव बसलेलं होतं." आणि त्यांनी मला वैजा काय बोलला ते सांगितलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, हणमंताला समजलं नाही असं मी बोललो होतो, ते चुकीचं. नकाशा मी दिला. एक ठिपका केवढा असतो ते मी त्याला सांगितलंच नाही. शिकणाऱ्याला समजलं नाही म्हणजे शिकवणाऱ्याची चूक, ती मी हणमंताच्या नावावर टाकली.

मी विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? रसूलभाई म्हणाले, "तुला कोण सांगणार? मागच्या साली सरांचं नाव काढलं तर तू कप आपटलास. कप माझा फुटला."

मी तिथून वहिनींकडं गेलो. त्या म्हणाल्या, सभेहून आले आणि लगेच तुम्हाला फोन लावला त्यांनी. "लागला न्हाय. म्हणाले, मशीनच्या आवाजात ऐकू येत नसंल, हणमंता आला की बोलू." माझ्या खिशातला फोन तिथं फार जड लागत होता.

आता मूळ गोष्ट. वैजा ग्रामसभेत खोटं बोलला. ठिपका केवढा असतो हे त्यानं मला सांगितलं होतं. नकाशा देतानाच सांगितलं होतं, बोटानं दाखवून, "हा एक चौकोन म्हंजे लातूर, बीड, सोलापूर सगळं आत." मला स्वच्छ आठवतंय. मी ऐकलं होतं, आणि समजलंही होतं. फक्त तेव्हा माझं लक्ष निळ्या रंगावर होतं, आणि फ्लेक्सवर आपला फोटो कुठल्या बाजूला बसेल यावर. म्हणजे तो पहिल्यांदा बोलला तेही बरोबर नव्हतं आणि दुसऱ्यांदा बोलला तेही नाही. मला समजलं होतं आणि तरी मी केलं. गावानं फसवलं म्हटलं, तेच खरं होतं. हे त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही, की वाटलं आणि त्यानं गिळलं, ते मला कधीच कळणार नाही. आयुष्यभर आकडा दोनदा बोलून पक्का करणाऱ्या माणसानं माझ्या वह्यांसाठी... का माझ्यासाठी... एक खोटं बोलून ठेवलं. माझी अजून एक तक्रार उरली आहे ती हीच. खोटं बोलण्याआधी मला विचारायला हवं होतं. मी भाव उतरवला असता.

तो शंभर माणसांत बोलला. त्यापेक्षा कमीत मी फेडलं तर तो सौदा बरोबरीचा नाही. म्हणून जिल्हाभर जाणाऱ्या या पुरवणीत हे लिहितोय. आमच्या गावातले लोकही वाचतील.

त्यानं आपली बाजू पुरी केली होती, माल द्यायचा माझ्याकडून राहिला होता. वहिनींकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लोखंडी पेटी त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. सव्वीसही वह्या. वैजाच्या शाळेतले नवे विज्ञानाचे सर आणि मी तीन दिवस बसून गावातली कोरडी भोकं वेगळी काढली. अकरा निघाली, त्यांतल्या सहांना मांजऱ्या लागलेला. माझंच अक्षर मला वाचून दाखवावं लागत होतं. एका वहीत, मांजऱ्याच्या पुढं, मी बावीस वर्षांपूर्वी लिहिलेलं सापडलं: इथं हवा शोषते. म्हणजे भोक पाणी प्यायला तयार होतं, आणि मी त्यावर दगड ठेवून पुढच्या रानात गेलो होतो. दोन भोकांभोवती खड्डे घेऊन, आत दगड, खडी, वाळू भरून झालं आहे, ओढ्याचं पाणी वळवलं आहे. ते गाळून खाली जाताना जो आवाज येतो तो मी तासभर उभा राहून ऐकला. तीस वर्षं मी जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याच्या आवाजावर जगलो. खाली जाणाऱ्याचा पहिल्यांदा ऐकला. चार भोकं बाकी आहेत. मशीनवाला फुकट मिळालाय तोवर गावानं उरकून घ्यावीत.

वैजा गेल्यावरची पहिली अमावस्या चुकू द्यायची नाही म्हणून वहिनी टेप घेऊन स्वतःच निघाल्या होत्या, आकडे लिहिण्याचं काम पूर्वीपासून त्यांचंच. मी आडवा गेलो आणि टेप मागितली. परवाची ही दुसरी. नऊही विहिरींच्या मोटारी बंद होत्या, कुणाला सांगावं लागलं नाही. रस्त्याकडेच्या त्या विहिरीत मी टेप सोडली, जिथं त्यानं मला थांबवलं होतं. वर काढली आणि खडूची ओली रेघ बघून आकडा बोललो. वहिनी म्हणाल्या, परत बोला. परत बोललो. मागल्या अमावस्येपेक्षा पाणी साडेतीन फूट वर होतं. पाऊस किती, आमची भोकं किती, हे मला सांगता येत नाही, आणि आता मी समजल्याशिवाय बोलत नाही. आणखी दहा-बारा वर्षांच्या अमावस्या मोजल्या की कळेल, असं वैजा म्हणाला असता. मोजू.

टेप गुंडाळताना माझा हात आपोआप डाव्या बाहीकडं गेला. वहिनींनी पाहिलं. म्हणाल्या, "बाहीला नका पुसू भाऊजी, खडूचा डाग लई चिवट, जात न्हाय."

मी म्हणालो, राहू द्या. आणि आम्ही पुढच्या विहिरीकडं निघालो.